13,312 बाइट आणि घरात महालक्ष्म्या : जेएस13के गेम्सचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही गेमवाला नाही, इंदूरच्या विजयनगरला एका ऑफिसात दिवसभर बिलिंगचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसतो. गेम बनवायचा नाद कॉलेजपासूनचा, आणि अर्धवट सोडलेले फोल्डरपण कॉलेजपासूनचेच. 2024 ला जेएस13के मध्ये उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गेम पुरा झाला, म्हणून हा रिव्ह्यू, उशिरा का होईना.

माहीत नसेल तर, 2012 पासून चालू असलेली ही हौशी लोकांची गेम बनवायची ऑनलाइन स्पर्धा आहे. 13 ऑगस्टला विषय जाहीर होतो, 13 सप्टेंबरला बंद, आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला. गेम ब्राउझरमध्ये चालला पाहिजे आणि झिप केलेली फाइल 13 केबीच्या आत, म्हणजे 13 गुणिले 1024, 13,312 बाइट, त्यावर एकसुद्धा नाही. मामी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर जो सुप्रभातचा फोटो पाठवते ना, त्यात असे कितीतरी गेम बसतील.

मला सगळ्यात आवडलं काय तर नियम. हसू नका. कॉलेजात असताना इथल्याच एका स्पर्धेत भाग घेतला होता, नियम काय तर "गेम इनोव्हेटिव्ह असावा", बास. साइज किती, कशावर चालवून बघणार, आधी बनवलेला चालेल का, काही पत्ता नाही, आणि ऐनवेळी परीक्षकांच्या लॅपटॉपवर माझा गेम उघडलाच नाही. इथे तसं नाही. बाहेरची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड), बाहेरचा डेटा काही ओढायचं नाही, गूगलचे वेब फॉन्टसुद्धा नाही, जे काय लागतं ते झिपच्या आत. इंडेक्स डॉट एचटीएमएल, म्हणजे गेम जिथून सुरू होतो ती फाइल, झिप उघडल्याबरोबर समोर दिसली पाहिजे. जुना गेम झाडून-पुसून द्यायचा नाही. आणि झिपमधला कोड पिळून काढलेला असला तरी वाचता येईल असा मूळ कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) ठेवायचा, हा नियम तर सोन्यासारखा, कारण मागच्या वर्षांचे गेम उघडून लोकांनी काय काय उचापती केल्यात ते बघत बसलं की रात्र कधी सरते कळत नाही.

आता 13 केबीत चित्रं कुठून आणणार? आणायचीच नाहीत. इमोजी वापरा किंवा कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या कोऱ्या कागदावर, कोडनेच काढा. मी इमोजी घेतले आणि फसलो, कारण इमोजी येतात समोरच्याच्या मशीनमधून, माझ्या विंडोजवर छान दिसणारी ताटली मित्राच्या आयफोनवर वेगळीच. आवाजासाठी झेडझेडएफएक्स नावाचं चिमुकलं साधन आहे, एक केबीच्या आत, ते तुमच्या कोडमध्येच चिकटवायचं, आकडे द्यायचे आणि आवाज जागेवरच तयार होतो, एमपीथ्रीची भानगड नाही. फक्त ब्राउझर पहिल्या क्लिकआधी आवाज काढू देत नाही, त्यामुळे "सुरू करा" असं एक बटण ठेवाच.

खरी मजा झिपमध्ये आहे. मोजतात ती झिप, कोड नाही. आणि झिप काय करते तर तोच मजकूर पुन्हा आला की "मागे आलाय तोच" एवढंच लिहून ठेवते. म्हणून ऑफिसात जे शिकलो, की कोड रिपीट करू नका, फंक्शन काढा (एकदाच लिहा, हवं तिथे बोलवा), ते इथे कधीकधी उलटं पडतं! मी एक हुशार फंक्शन काढून सहा ठिकाणी वापरलं तर झिप वाढली, परत सरळ कॉपी-पेस्ट केलं तर 40 बाइट वाचले. शेवटी टर्सर नावाच्या कोड छोटा करणाऱ्या टूलने पिळला, मग रोडरोलरखाली घातला (खरंच हेच नाव आहे त्या टूलचं) तेव्हा कुठे जीवात जीव आला.

माझा हट्ट होता की गेममध्ये मराठी दिसली पाहिजे. तर आपलं देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजायचे. "इंदूर" म्हणजे 15 बाइट, तेच इंग्रजी स्पेलिंगमध्ये 6. झिपनंतर फरक कमी होतो पण होतोच. शेवटी सूचना इंग्रजीत आणि दुकानाची पाटी तेवढी मराठीत ठेवली.

त्या वर्षीचा विषय होता 13 आकड्याची भीती. मी सराफ्यातलं, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं, दुकान केलं, गराडू आणि भुट्ट्याचा कीस वाढत राहायचं, बारा गिऱ्हाइकं नीट, तेरावं आलं की सगळं बिघडतं. आता आपल्याकडे तेरावं म्हणजे काय ते सांगायला नको. 10 तारखेला महालक्ष्म्या आल्या, 12 ला विसर्जन, 13 ला डेडलाइन, आणि मी फोनवर मित्राला सारखं "तेरावं येतच नाहीये रे", "तेराव्याला हँग होतं" सांगतोय. आई स्वयंपाकघरातून पुरणाचे हात घेऊन बाहेर, "सणासुदीचं तेरावं तेरावं काय लावलंयस?" मग तीन दिवस घरात फक्त "बारा अधिक एक" म्हणायची सोय होती.

शेवटच्या दिवशी हाफ डे टाकला. चार वाजता झिप केली तर 13,340. गेममधला एक आवाज उडवला, 13,298. अपलोड करणार तेवढ्यात दिसलं की मी अख्खा फोल्डरच झिप केलाय, म्हणजे इंडेक्स फाइल एक पायरी आत. महिनाभर तो नियम दुसऱ्यांना समजावत होतो आणि चुकलो मीच. चार बावीसला गेलं.

पैशासाठी येत असाल तर येऊ नका भिया. भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून मत देतात, लिहूनही देतात, माझ्या गेमला नंबर काही विशेष आला नाही पण अनोळखी माणसं शेवटपर्यंत खेळली. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो तारखेचा, ऐन गणपतीत येते. एकाने विचारलं होतं, हे गराडू म्हणजे नक्की काय, बटाटा का? मी लिहिलं, कंद आहे, तळून वर मसाला आणि लिंबू, थंडीत ये, खिलवतो.