पीजे फळीवर: 1:87 मधल्या पाचोरा–जामनेरचा वापरानंतरचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. आपल्याकडच्या 762 मिमी नॅरोगेजचं छोटं मॉडेल करायचं असेल तर 1:87 हे प्रमाण आणि 9 मिमीचे रूळ, ही जोडी डोळे झाकून घ्या. कंट्रोलरवर (गाडीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) पैसे वाचवू नका. आणि फळीवर जेवढे रूळ बसतील असं वाटतंय, त्याच्या निम्मेच टाका. मागच्या उन्हाळ्यात बांधायला घेतलेलं हे मॉडेल एक अख्खा पावसाळा आणि दुसरा उन्हाळा काढून अजून धावतंय, त्या भरवशावर हे लिहितोय.

मॉडेल पाचोरा–जामनेर मार्गावर बेतलेलं आहे. खान्देशात नुसतं 'पीजे' म्हटलं तरी पुरतं. बाकीच्यांसाठी: जळगाव जिल्ह्यातला, भुसावळ विभागातला 56 किलोमीटरचा एकेरी फाटा. पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरायचं, पलीकडच्या छोट्या गाडीत बसायचं आणि वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला पोचायचं. शेंदुर्णी माझं आजोळ, त्यामुळे दुसरी कुठली लाइन निवडण्याचा प्रश्नच नव्हता. 2020 च्या टाळेबंदीत गाडी बंद झाली ती झालीच. आता तिथे मोठ्या रुळांचं काम आहे आणि लाइन पुढे बोदवडपर्यंत न्यायची आहे.

हा अख्खा मार्ग 1:87 मध्ये करायचा म्हटला तर 644 मीटर जागा लागेल. माझ्याकडे आहे पुण्यातल्या फ्लॅटमधली सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद फळी. म्हणून फक्त शेवटचं स्टेशन घेतलं: एक फलाट, शेजारी लूप (बाजूने जाऊन पुन्हा मुख्य लाइनीला मिळणारी लाइन), मालासाठी एक आंधळी, म्हणजे पुढे बंद असलेली लाइन. एकूण तीन सांधे, म्हणजे रूळ बदलायच्या जागा. जामनेरचा हुबेहूब नकाशा नाही हा, पण स्वभाव तिथला आहे. पाचोरा म्हणजे डाव्या टोकाला पुठ्ठ्याच्या भिंतीमागे ठेवलेली एक सुटी पट्टी. ॲल्युमिनियमचे दोन अँगल प्लायच्या तुकड्यावर 9 मिमी अंतराने चिकटवले, की अख्खी गाडी उचलून ठेवता येते. हार्डवेअरच्या दुकानातला माल, आणि सगळ्या मॉडेलमध्ये याच भागाने आजवर एकदाही त्रास दिलेला नाही.

प्रमाणाबद्दल बरेच जण गोंधळतात, म्हणून थोडं गणित. 762 भागिले 87 म्हणजे 8.76 मिमी. बाजारात मिळणारा एन-गेजचा (मॉडेल रेल्वेच्या एका प्रचलित छोट्या मापाचा) रूळ 9 मिमीचा. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कळतच नाही. इंग्लंडात याच रुळावर 1:76 चं प्रमाण फार चालतं, पण त्या हिशोबाने गेज (दोन रुळांमधलं अंतर) 686 मिमी होतं. म्हणजे डबे रुळाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्तच बाहेर झुकलेले दिसतात. माथेरान करायचं असेल तर गोष्ट वेगळी. ते 610 मिमीचं, त्याला 9 मिमीवर जवळपास 1:68 पडतं आणि त्या मापाचं तयार काहीच मिळत नाही.

रूळ मात्र एन-गेजचे सरसकट घेऊ नका. गेज तेच असलं तरी त्यांचे स्लीपर मोठ्या लाइनचे, बारीक आणि जवळजवळ असतात. पेको कंपनीचे नॅरोगेजसाठीचे 9 मिमी रूळ वेगळे मिळतात. त्यांचे स्लीपर लांब, विरळ आणि थोडे वाकडेतिकडे, आडगावच्या लाइनला शोभतील असे. रंग देऊन अर्धे मातीत गाडले की झालं. सांध्यांच्या बाबतीत एकच पाहा: मधल्या बेचक्याचा भाग धातूचा आणि वीज जोडता येणारा हवा. तिथे प्लॅस्टिक असेल तर चार चाकांचं छोटं इंजिन नेमकं त्याच जागी अडकतं आणि तुम्ही बोटाने ढकलत बसता.

आता फळी. प्लाय 12 मिमीची मरीन घेतली, खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट. वरच्या बाजूला रंग आणि खालची बाजू कोरी, असं बरेच जण ठेवतात. पावसाळ्यात ती कोरी बाजू दमटपणा पिते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. दोन्ही बाजू आणि चारही कडा सील केल्यावर माझी फळी अख्ख्या पावसाळ्यात सरळ राहिली. रुळांच्या जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली होती, तीही कामाला आली. सहा फुटांचा निकेल-सिल्व्हरचा रूळ पंचवीस अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटर वाढतो, आणि वरून लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं ते वेगळंच.

माती हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि त्यावर बाजारात काही विकत घ्यायची गरज नाही. मामांच्या शेतातली काळी माती पिशवीभर आणली. ढेकळं फोडून आधी चहाच्या गाळणीतून काढली, मग वस्त्रगाळ केली आणि लोखंडी तव्यावर चांगली भाजली, म्हणजे अळ्या, बी, बुरशी सगळं मेलं. यानंतरची पायरी कुणीही गाळू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तो मातीतून फिरवा. पिशवीला काळी लव लागते. आपली माती बेसॉल्टची, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतातच, आणि असा एक कण इंजिनाच्या मोटरमध्ये शिरला की त्या चुंबकाला कायमचा चिकटून बसतो. मी चार वेळा चुंबक फिरवला तरी लव येतच होती. मग नाद सोडला आणि रुळांच्या दोन्ही अंगांना बोटभर पट्टा गाळलेल्या मुरुमाचा ठेवला. तोही चुंबकाखालून काढलेला.

फेव्हिकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, आणि हे मिश्रण ड्रॉपरने मातीवर. ओली असताना सपाट दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं शेत भेगाळलेलं! काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. दीड इंच जाडीच्या थरातही तिने आपला गुण सोडला नाही. सगळ्यात रुंद भेग मोजली तर एक मिलिमीटर भरली, म्हणजे खऱ्या मापात पावणेनऊ सेंटिमीटर. मे महिन्यात आमच्याकडच्या शेतात घोटा अडकेल अशा भेगा पडतातच. म्हणून मॉडेलचा महिनाच वैशाख ठरवून टाकला. तुम्हाला भेगा नको असतील तर मातीत एक तृतीयांश बारीक वाळू मिसळा.

वैशाख ठरल्यामुळे बाकीची कामंही आपोआप सोपी झाली. शेतं रिकामी, बांधावर पिवळं गवत, कडेला पऱ्हाटीचा ढीग (केरसुणीच्या काड्यांचा) आणि मधेच विहिरीच्या पाण्यावरची हिरवीगार केळी. बाजारात मिळणारं स्टॅटिक ग्रास (मॉडेलसाठीचं तंतूंचं कृत्रिम गवत) युरोपातल्या कुरणांच्या रंगाचं असतं. ते तसंच लावलंत तर जामनेर स्वित्झर्लंडात गेल्यासारखं वाटतं. पिवळट-राखाडी तंतू मागवा किंवा लावल्यावर वरून पातळ रंगाचा हात फिरवा. केळीचं झाड साडेतीन सेंटिमीटर उंच. पानं रंगवलेल्या कागदाची, मधे शिरेसाठी पातळ तार, कडांना कात्रीने उभे काप, कारण वाऱ्याने फाटलेली नसेल तर ती केळ वाटतच नाही. चाळीसेक झाडांनंतर मान आखडते, पण फळीवर नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

ही पानं पावसाळ्यात कसरीने खाल्ली. पुस्तकांतली तीच चंदेरी कसर. कागद आणि खळ म्हणजे तिची मेजवानी. दुसऱ्यांदा केली तेव्हा प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक व्हार्निश दिलं, त्यानंतर तक्रार नाही. अशा वेळी घरातले लोक हमखास डांबराच्या गोळ्या सुचवतात. अजिबात ठेवू नका. त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि पॉलिस्टायरीनच्या वस्तू मऊ पडतात, आणि मॉडेलमध्ये निम्म्या वस्तू त्याच असतात. भुशाची 'जमीन' करू नका, दमट हवेत तिला हमखास बुरशी येते.

इंजिनाकडे वळतो. पीजेवर शेवटी झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिनं होती (झेड म्हणजे 762 मिमी गेज, डी डिझेल, एम मिश्र कामासाठी). त्यांचं या मापातलं तयार मॉडेल मला मिळालं नाही. म्हणून एन-गेजच्या डिझेलची चासी घेतली आणि वरचं शरीर फोटोंवरून काढून रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलं. डबे पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकचे, चालतात चांगले. पण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ होतं, त्यामुळे उन्हात उभ्या कारमध्ये ते ठेवायचे नाहीत. प्रिंट केलेले डबे फार हलके असतात आणि सांध्यावर उडी मारतात. प्रत्येक डब्याच्या तळाला लोखंडी वायसर चिकटवून वजन वाढवलं की शहाण्यासारखे वागतात. कपलिंग (डबे जोडायचे आकडे) मायक्रो-ट्रेन्स कंपनीची चुंबकवाली लावली, म्हणजे इंजिन हात न लावता सुटतं. टोकाच्या स्टेशनवर हे हवंच.

चासीचा अनुभव संमिश्र. पहिली एका ऑनलाइन दुकानातून आली ती गिअर तडकलेलीच, आणि परत घ्यायला त्यांनी जीव काढला. दुसरी जपानहून मागवली, ती उत्तम. मागवताना शुल्काचा हिशोब आधी करा: मॉडेल रेल्वे खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येते आणि 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 वर. रूळ, चासी, सांधे मिळून मला मध्यम प्रतीच्या मोबाईलइतका खर्च आला. बाकीचं सामान अप्पा बळवंत चौकातल्या सनबोर्ड-कागदावर भागलं.

आता कंट्रोलर. ताशी 30 किलोमीटरची खरी गाडी या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर जाते. म्हणजे माझी अख्खी फळी पार करायला एकोणीस-वीस सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक चासी पूर्ण 12 व्होल्टवर याच्या कितीतरी पट पळतात. त्यामुळे तुम्हाला हवी असते ती खालची रांगती चाल, आणि तीच स्वस्त कंट्रोलरला जमत नाही. तपकीर गल्लीतून आणलेल्या साध्या पीडब्ल्यूएम बोर्डावर (वीज तुकड्यातुकड्यांनी सोडून वेग ठरवणाऱ्या) इंजिन घुर्र आवाज करत गरम व्हायचं. बोर्डाची फ्रीक्वेन्सी कमी होती आणि बिनगाभ्याच्या (कोअरलेस) मोटरना ती सोसत नाही. नंतर काटो कंपनीचा डीसी कंट्रोलर घेतला, आता गाडी मुंगीच्या चालीने फलाटाला लागते. एक इंजिन, एक माणूस, एवढ्यासाठी डिजिटल कंट्रोलची गरज मला तरी वाटली नाही.

रूळ पुसण्याचं काम कधी सुटत नाही, हे गृहीत धरा. मेडिकलमधल्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) रूळ चकाचक होतात, पण काळा थर लवकर परत येतो. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन सुती कापडावर घेऊन पुसलं तर जास्त दिवस टिकतं; खिडकी उघडी ठेवा आणि जवळ उदबत्ती नको. मग 6बी पेन्सिल रुळाच्या माथ्यावरून एकदा हलकी फिरवायची. सँडपेपर किंवा खरखरीत रबर वापरलं की बारीक चरे पडतात आणि त्यात घाण आणखी पक्की बसते. महिन्याभराच्या सुट्टीनंतरही आता गाडी पहिल्या झटक्यात सुटते.

माणसं 1:87 मध्ये दोन सेंटिमीटरची. युरोपियन पाकिटातल्या माणसांच्या हातात सुटकेसा आणि डोक्यावर फेल्ट हॅट असतात. हॅट कापून टोपी, पॅंटवर पांढरा रंग, आणि फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू पेपरचं नऊवारी. टपावर सहा जण बसवलेत, कारण पीजेच्या टपावर कुणी नाही हे दृश्य गावाकडच्या कुणाला पटणार नाही.

खेळायला कसं आहे, हा शेवटचा मुद्दा. कोथरूडचं जोश्यांचं रेल्वे म्युझियम पाहून आलेला पाहुणा माझ्या फळीसमोर उभा राहिला की हमखास विचारतो, एवढंच? तिथे शहर आहे, एकाच वेळी अनेक गाड्या धावतात. इथे एक गाडी येते. इंजिन सुटतं, लूपवरून मागच्या टोकाला जातं, सांधा फिरतो, परत जोडलं जातं. हे सावकाश केलं तर दहा मिनिटं सहज जातात, आणि मधे मालाचा डबा आंधळ्या लाइनीवर टाकायचा असेल तर वीस. रोज संध्याकाळी एक फेरी, एवढ्याने माझं भागतं. ज्यांना गोल गोल पळणारी गाडी हवी त्यांनी हा नाद करू नये, किमान सव्वा फुटाच्या फळीवर तरी नाही.

सध्या एकच काम उरलंय: चासीच्या चाकांवरचे रबरी टायर उन्हाळ्यात कडक झालेत आणि चढावर चाकं घसरतात. बदली टायर सुटे मिळतात. चासी मागवतानाच दोन-चार जोड्या घेऊन ठेवा, एकट्या टायरसाठी पार्सल मागवणं परवडत नाही.