स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन: आधी स्वे बार, की आधी स्प्रिंग आणि डँपर?

वळणावर गाडी फार कलते, स्टिअरिंग फिरवल्यानंतर ती क्षणभर विचार करून वळते आणि खड्ड्यातून जाताना खालून खडखड ऐकू येते, अशा तिहेरी तक्रारीने मालक सस्पेन्शन बदलायला निघतो, तेव्हा त्याच्यासमोर सहसा तीन पर्याय येतात. मूळ बारच्या जागी जाड स्वे बार बसवावा, उंची कमी करणाऱ्या कडक स्प्रिंग घालाव्यात, किंवा उंची आणि डँपिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा विरोध) दोन्ही कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हरचा, म्हणजे डँपरभोवती स्प्रिंग बसवलेला, पूर्ण संच घ्यावा. तिन्हींचे गुणगान जवळपास सारख्याच शब्दांत केले जाते, पण ही तीन वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधे आहेत, आणि वरच्या तक्रारींपैकी खडखड तर स्वतंत्रपणे शोधावी लागणारी बाब आहे. झिजलेल्या भागांवर नवा कडक भाग चढवला, तर आवाज वाढतो आणि नवा भागच सदोष निघाला असा ग्रह होतो. म्हणून निवड करण्यापूर्वी दोष शोधणे आले.

स्वे बार, म्हणजेच अँटी-रोल बार, ही डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी पोलादी कांब असते. मधला भाग दोन बुशांमध्ये (रबराच्या किंवा प्लास्टिकच्या गाद्यांमध्ये) धरून चॅसिसला किंवा सबफ्रेमला बसवलेला असतो आणि दोन्ही टोके लिंकद्वारे, म्हणजे छोट्या दांडीने, स्ट्रटला (डँपर असलेला उभा खांब) किंवा लोअर आर्मला (चाक धरणारा खालचा दांडा) जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर आली, तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो; एकच चाक वर आले, तरच त्याला पीळ पडतो. या एका गोष्टीवरून आवाजाचे बरेचसे निदान होते. गतिरोधकावर दोन्ही चाके सरळ चढवली असता आवाज येत नाही, पण एकाच बाजूचे चाक उंचवट्यावर गेले की खट्ट असा आवाज येतो, तर बहुतेक वेळा लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा आलेला असतो. दोन्ही वेळी आवाज येत असेल, तर स्ट्रट माउंट, डँपर किंवा लोअर आर्मचे बुश आधी पाहावेत. गाडी हळूहळू दबताना कुरकुर होत असेल, तर बारचे बुश कोरडे किंवा कडक झालेले असण्याची शक्यता जास्त. शंका उरलीच, तर दोन्ही लिंक सोडवून, त्या कुठे अडकणार नाहीत अशा बांधून, अगदी कमी वेगाने त्याच रस्त्यावरून गाडी न्यावी. आवाज गेला तर दोष बारच्या साखळीत आहे, हे नक्की झाले. अशा अवस्थेत गाडी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त कलते, त्यामुळे ही चाचणी वेगाने किंवा रहदारीत करण्याची नव्हे.

माझ्या गाडीत लिंक बदलूनही आवाज तसाच राहिला होता. शेवटी बुशावरच्या पट्टीचा एक बोल्ट अर्धाच आवळलेला निघाला. तेव्हापासून मी नवा भाग मागवण्यापूर्वी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, तपासतो.

दुरुस्ती अवघड नाही, पण तिच्यात काही खाचाखोचा आहेत. लिंक काढताना त्या अक्षाची दोन्ही चाके एकाच पातळीवर लटकलेली किंवा एकाच पातळीवर टेकलेली असावीत. एकच बाजू जॅकवर असेल तर बारला पीळ बसलेला असतो आणि नट सुटताच तो झटका देतो. नट फिरवताना बॉल जॉइंटचा स्टडही सोबत फिरू लागतो, त्यामुळे तो ॲलन कीने किंवा पातळ पान्याने धरावा लागतो. रबरी बुशांना खनिज तेलापासून बनलेले ग्रीस लावू नये, कारण रबर फुगते. पॉलियुरेथेन बुशांना मात्र सिलिकॉनवर आधारित घट्ट ग्रीस लागतेच, आणि ते सुकले की कुरकुर परत येते. काही गाड्यांत बुश बारलाच चिकटवलेले असतात, तिथे नुसता बुश बदलण्याचा बेत आधीच तपासून घ्यावा. बार आडवा सरकून एका बाजूला लागत असेल, तर बुशांच्या कडेला घट्ट बसणाऱ्या कड्या मिळतात. त्या स्वस्त, साध्या आणि परिणामकारक असूनही फार कमी लोक त्यांचा विचार करतात.

आता खरी तुलना. समजा १,४०० किलोग्रॅम वजनाची गाडी ०.९ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट) इतक्या बाजूच्या त्वरणाने वळण घेत आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि दोन चाकांमधले अंतर दीड मीटर आहे. अशा वेळी सुमारे ४२० किलोग्रॅम इतका भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा बार जाड केल्याने जवळपास बदलत नाही. गाडी २५ मिलिमीटर खाली आणली, तरी तो सुमारे ३९९ वर येतो, म्हणजे अवघा पाच टक्के उतरतो. बार आणि स्प्रिंग यांच्या हाती असते ते एवढेच, की गाडी किती अंशांनी कलेल आणि या स्थलांतरित भाराचा किती वाटा पुढचा अक्ष उचलेल, किती मागचा. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, म्हणून ज्या अक्षावर हे स्थलांतर जास्त होते, त्या अक्षाची एकूण पकड तुलनेने कमी होते. पुढचा बार जाड केला तर पुढची चाके वळणाबाहेर सरकू लागतात, म्हणजे अंडरस्टीअर वाढतो. मागचा जाड केला तर मागचा भाग आधी सुटू पाहतो. कलणे कमी झाले म्हणजे पकड वाढली, हा समज त्यामुळेच फसवा आहे. याला अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे: मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत कलण्याबरोबर बाहेरच्या चाकाचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा झुकाव) बिघडतो, त्यामुळे तिथे पुढचा बार जाड केल्याने टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकून पुढची पकड सुधारूही शकते.

बारच्या बाजूने बोलायचे तर त्याचा सर्वांत मोठा गुण असा, की सरळ रस्त्यावर दोन्ही चाके सोबत हलतात तेव्हा तो वाटेत येत नाही, त्यामुळे आराम फारसा न गमावता कलणे कमी होते. जाडीतला लहानसा फरकही इथे मोठा ठरतो, कारण भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो; २२ ऐवजी २५ मिलिमीटरचा बार सुमारे ६७ टक्के अधिक ताठ असतो. पोकळ बार वजनाने हलका पडतो. २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ४ मिलिमीटर जाडीची भिंत असलेली नळी त्याच व्यासाच्या भरीव बारच्या तुलनेत सुमारे ५४ टक्के वजनात ७९ टक्के ताठपणा देते. टोकाला दोन-तीन भोके असलेला बार घेतला, तर नंतर मत बदलण्याची सोय राहते: लिंक आतल्या भोकात घातली की बारचा बाहू (टोकाचा वळलेला भाग) लहान होतो आणि बार ताठ होतो. बाहू २५० वरून २२५ मिलिमीटर झाला, तर ताठपणात साधारण २३ टक्क्यांची वाढ होते. एकाच अक्षावर बार बदलणार असाल, तर भोकांचा बार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारचे दोषही त्याच्या गुणांतूनच येतात. एका चाकाला बसलेला धक्का तो दुसऱ्या बाजूला पोहोचवतो, त्यामुळे उखडलेल्या रस्त्यावर गाडीतल्या माणसांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. फार ताठ बार वळणात आतले चाक उचलू लागतो. ते चाक इंजिनाने चालवलेले असेल आणि डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) साधे असेल, तर ते नुसतेच फिरते आणि वळणातून बाहेर पडताना ताकद वाया जाते. मूळ पट्ट्या आणि त्यांच्या बैठका जुन्या बारच्या ताकदीनुसार घडवलेल्या असल्याने, जाड बारबरोबर मजबूत पट्ट्या न घातल्यास पट्टी वाकणे, बोल्ट तुटणे किंवा चॅसिसचा पत्रा फाटणे असे प्रकार होतात.

नुसत्या कमी उंचीच्या स्प्रिंगबद्दल मी फारसा उत्साही नाही. स्प्रिंग ३० टक्के कडक केली, तर गाडीची नैसर्गिक कंपनगती सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, आणि तोच जुना डँपर, ज्याला आपण सरसकट शॉक अब्झॉर्बर म्हणतो, तो त्या स्प्रिंगसमोर सुमारे १२ टक्के अपुरा पडतो. परिणामी गाडी कडकही लागते आणि उंचवट्यानंतर डोलतही राहते. उंची कमी झाल्याने चाकाला वर येण्यासाठी उरलेली जागा घटते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर (चाकाची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळणे वाढते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत आणखी एक उलटा परिणाम होतो: गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, जास्त खाली जाते, म्हणजे या दोन बिंदूंमधले अंतर, गाडीला कलवणारा बाहू, लांबतो आणि कडक स्प्रिंगने मिळालेला फायदा काही अंशी तिथेच खर्ची पडतो. शिवाय उंची बदलली की स्वे बारच्या टोकांचा कोन बदलतो, मूळ लांबीची लिंक तिरकी होते, बॉल जॉइंट शेवटापर्यंत जाऊन अडकतो, आणि ज्या खडखडीपासून आपण सुरुवात केली ती नव्या कोऱ्या भागांतून परत येते. उंची कमी करायचीच असेल, तर लांबी बदलता येणाऱ्या लिंक त्याच खर्चात धराव्यात.

कॉइलओव्हरच्या संचात स्प्रिंग आणि डँपर एकमेकांसाठी निवडलेले असतात, हाच त्याचा खरा फायदा आहे. उंची बदलणारी चूडी (आटे) आणि डँपिंग बदलणारा बाजूचा खटका या नंतरच्या गोष्टी. एकाच खटक्याचे डँपर बहुधा मुख्यतः स्प्रिंग उलगडतानाचा विरोध बदलतात, त्यामुळे खटका पूर्ण आवळून कलणे थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. डँपर कलण्याचा वेग कमी करतो, वळणात स्थिरावल्यानंतरचा कल नव्हे. उंची बदलण्याची रचनाही दोन प्रकारची असते: स्प्रिंगची बैठक वर-खाली करणारी आणि संपूर्ण डँपरची लांबी बदलणारी. दुसऱ्या प्रकारात उंची कमी करूनही डँपरची चाल शाबूत राहते. याची किंमत मोजावी लागते ती देखभालीत. चिखल आणि मिठामुळे चूडी गंजून जाम होते, सील ठरावीक काळाने बदलावे लागतात, आणि चारही कोपऱ्यांची उंची अंदाजाने लावली, तर तिरपा भार बसून (कर्णातल्या दोन चाकांवर जास्त वजन येऊन) गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगळी वागते.

गाडीत आधीपासून इलेक्ट्रॉनिक डँपर असतील, तर हिशेब बदलतो. साधे डँपर बसवताच सूचनादिवा पेटतो आणि तो शांत करण्यासाठी वेगळी जोडणी लागते. मूळ प्रणाली नीट चालत असेल, तर तिच्याशी जुळणाऱ्या स्प्रिंग आणि बार एवढ्यावरच थांबणे बहुतेकांना पुरते. मॅक्लारेनने २०११ साली आलेल्या एमपी४-१२सीमध्ये यांत्रिक स्वे बारच ठेवला नव्हता आणि डँपर हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांना जोडून कल आवरला होता. पण ते मुळापासून तशी घडवलेल्या गाडीचे काम.

तेव्हा रोजच्या वापराची, अधूनमधून घाटात किंवा ट्रॅकवर नेली जाणारी गाडी असेल, तर माझा क्रम असा राहील: आधी झिजलेल्या लिंक, बुश आणि डँपर मूळ दर्जाचे घालावेत, मग चांगले टायर आणि नेमके अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी), आणि त्यानंतरही कलणे खटकत असेल तर भोकांचा स्वे बार. या टप्प्यावर पुष्कळ जणांचे समाधान होते. गाडी समोर सरकत असेल तर मागचा बार, मागून सुटत असेल तर पुढचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत मागचा बार सर्वांत शेवटी, आणि तोही मवाळ, म्हणजे बाहेरच्या, भोकात. ब्रेक लावताना नाक दबणे, वेगात उंचवट्यावर गाडी तरंगणे, चारही चाके एकदम आदळणे, या तक्रारी बारच्या आवाक्यातल्या नाहीत. तिथे जुळवलेले स्प्रिंग-डँपर किंवा कॉइलओव्हरच हवेत. संच घेतल्यावर आधी मूळ बार ठेवूनच काही दिवस गाडी चालवावी, कारण स्प्रिंग कडक झाल्या की जाड बारची गरज अनेकदा उरत नाही.

बार कोणताही बसवा, लिंकची लांबी गाडी चाकांवर उभी असताना, सपाट जमिनीवर आणि चालकाच्या आसनावर चालकाइतके वजन ठेवून ठरवावी. दुसऱ्या बाजूची लिंक हाताने, जोर न लावता, भोकात शिरली पाहिजे. ती ओढून बसवावी लागत असेल, तर बार सरळ रस्त्यावरही पिळलेलाच राहील. काहीशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने पाहावेत आणि उंची बदललेली असल्यास अलाइनमेंट स्प्रिंग बसल्यानंतरच करावे.