पीपीत नॅनोक्ले: पावसाळा धरून वापरल्यानंतर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये मोटरच्या फॅन कव्हरसाठी पीपीत (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) टाल्क म्हणजे शंखजिऱ्याच्या भुकटीऐवजी नॅनोक्ले मास्टरबॅच (अतिपातळ पापुद्र्यांची माती दाट भरलेले प्लास्टिकचे दाणे) काही महिने चालवला, त्याचा हा अनुभव. ‘४ टक्के क्ले म्हणजे २० टक्के टाल्क’ असं विकणारे सांगतात. पीपीत तरी तसं होत नाही. ताठरता साध्या पीपीपेक्षा चांगली वाढते, पण २० टक्के टाल्कला गाठत नाही. खरा फायदा वजनात आहे: टाल्कच्या मालाची घनता १.०४ च्या आसपास, क्लेच्या मालाची ०.९२-०.९३.

१०० किलोत ५० टक्के क्लेवाला मास्टरबॅच ८ किलो, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी ६ किलो, बाकी ८६ किलो साधं पीपी. मास्टरबॅचमध्ये हे मॅलेइकवालं पीपी आधीच असेल तर तेवढं कमी करा, पण पैसे वाचवायला गाळू नका. क्ले आणि पीपीचं मुळात पटत नाही. मध्ये दुवा नसला की सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटत नाहीत, चळत तशीच राहते आणि महागडा टाल्क घातल्यासारखं होतं. मोल्डिंग मशीनच्या स्क्रूकडून हे काम होणार नाही. ट्विन-स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या मिसळायच्या मशीनवर) कंपाउंड करूनच आणा. काळा रंग घालायच्या आधी गरम माल दोन पत्र्यांत दाबून पातळ चकती करायची, ट्यूबलाइटसमोर धरायची. खडे दिसले की माल परत.

बॅरल १९०-२०० अंशांवर ठेवा. क्लेवरचा अमोनियम लेप त्याच्या पुढे फुटू लागतो. माशासारखा वास आणि पिवळटपणा ही त्याची खूण. वीज गेली की बॅरलमधला माल तापत बसतो, म्हणून चालू करताना आधी पर्ज, म्हणजे तो माल बाहेर काढून टाकायचा. बेळगावच्या पावसात उघडी पिशवी ओल धरते आणि भागावर चंदेरी रेघा उठतात. ८० अंशांवर ३-४ तास सुकवलं की जातात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कव्हरच्या जाळीने. जाळीच्या प्रत्येक पट्टीत वितळलेल्या मालाचे दोन प्रवाह भेटून जोड तयार होतो, तिथे पापुद्रे जोडाला समांतर आडवे होतात आणि पट्टी नेमकी तिथेच तुटते. साचा थोडा गरम ठेवून, जोडाशी व्हेंट (हवा बाहेर जायची फट) काढून बराच फरक पडला. तरी आपटून घेणारा भाग असेल तर क्ले नकोच. उन्हातल्या मालात यूव्ही स्टॅबिलायझर नेहमीपेक्षा जास्त लागतो, क्लेमुळे पीपी उन्हात लवकर भुरभुरतं. आणि सुटी पावडर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका: हॉपरशी उडते, फुप्फुसात जाते.