चार कॅमेऱ्यांचं आयपी किट: कॅमेरे ठेवा, केबली बदला

बेळगावच्या दुकानांत तयार पेटीत मिळणारं हे किट म्हणजे 4 मेगापिक्सेलचे चार बुलेट (नळीच्या आकाराचे) सीसीटीव्ही कॅमेरे, चार पोर्टचा पीओई एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा आणि नेटवर्क केबलीतूनच वीज देणारा डबा), 1 टीबी डिस्क आणि वीस-वीस मीटरच्या चार केबली. जुन्या डीव्हीआर (ॲनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) सेटला व्हिडिओच्या कोॲक्स केबलीबरोबर विजेची वायरही ओढावी लागायची. इथे व्हिडिओ कॅमेऱ्यातच कॉम्प्रेस होतो, एनव्हीआर तो साठवतो आणि पीओईमुळे वीजही त्याच केबलीतून जाते.

कॅमेरे चांगले आहेत. फक्त लेन्स 2.8 मिमीची, म्हणजे रुंद. अनोळखी चेहरा ओळखायला चित्रात दिसणाऱ्या रुंदीच्या दर मीटरमागे 250 पिक्सेल लागतात आणि ते जेमतेम चार मीटरपर्यंत मिळतात. गेटवरच्या गाडीचा नंबर हवा असेल तर तिथे मोठ्या फोकल लेंग्थचा (दूरचं मोठं दाखवणारा) कॅमेरा वेगळा घ्या.

खरी रड केबलीची. ब्लेडने तार खरवडून बघा; आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स जास्त. दिवसा सगळं ठीक चालतं, अंधार पडून आयआर (कॅमेऱ्याचा रात्रीचा इन्फ्रारेड दिवा) लागला की लोड वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. दोष मग कॅमेऱ्यावर येतो. शुद्ध तांब्याची कॅट 6 नेटवर्क केबल घ्या, 100 मीटरच्या आत ठेवा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये ती वेल्डिंग मशीनच्या वायरीला चिकटवून नेऊ नका.

खानापूरकडच्या पावसात आणखी एक गोष्ट. आयपी 67 हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा कॅमेऱ्याच्या बॉडीला, बाहेर लोंबणाऱ्या जोडाला नाही. जोडावरची वॉटरप्रूफ टोपी प्लग क्रिंप करण्याआधी (दाबून बसवण्याआधी) केबलीत ओवावी लागते. तयार प्लगवर ती बहुतेकदा जात नाही, म्हणून फिटर ती पेटीतच ठेवून देतो आणि पुढे पिना हिरव्या पडतात. जोड जंक्शन बॉक्समध्येच घ्या.

'महिनाभर रेकॉर्डिंग' हे दुकानातलं बोलणं. कॅमेऱ्यामागे 4 एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) धरला तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे 173 जीबी खातात, म्हणजे 1 टीबी सहाव्या दिवशी भरते. एच 265 (व्हिडिओ जास्त दाबणारं कॉम्प्रेशन), सेकंदाला 15 फ्रेम आणि 2 एमबीपीएस ठेवलं तर अकरा दिवस निघतात. निपाणीच्या तंबाखू वखारीसारख्या ठिकाणी, जिथे माल कमी भरल्याचं उशिरा कळतं, 4 टीबीची सर्व्हेलन्स डिस्क घाला. मोबाइलवर बघायला सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं दुसरं चित्र) पुरते.

एनव्हीआरच्या पीओई पोर्टवरचे कॅमेरे त्याच्या आतल्या नेटवर्कचा आयपी पत्ता घेतात, त्यामुळे राउटरच्या यादीत दिसत नाहीत. ते बिघाड समजू नका. सगळ्यांना वीज एनव्हीआरमधूनच मिळत असल्याने एक 600 व्हीएचा यूपीएस पुरतो. राउटरही त्यावरच लावा, नाहीतर करंट गेल्यावर रेकॉर्डिंग चालू राहील पण मोबाइलवर काही दिसणार नाही.

पाचवा कॅमेरा या एनव्हीआरला जोडता येत नाही. वाढवायचं मनात असेल तर आत्ताच आठ चॅनेलचा (आठ कॅमेरे घेणारा) मागा. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ऑनव्हिफवर (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडायचं सामाईक मानक) जोडता येतो, चित्र येतं. माणूस ओळखून येणारा अलर्ट मात्र बऱ्याचदा येत नाही.