मेडिगॅप घेताय? इश्यू-एज की अटेन्ड-एज ते आधी बघा
अमेरिकेत 65 ला टेकलेल्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. मेडिगॅप म्हणजे सरकारी मेडिकेअर विम्यातून न भागणारा खर्च भरणारा खासगी विमा. त्यातला प्लॅन जी हा ठरावीक प्रकार बहुतेक राज्यांत कुठल्याही कंपनीकडून घेतला तरी कव्हर तेच, मग बघायचं काय तर प्रीमियम पुढे कसा वाढणार ते, नुसता पहिल्या वर्षाचा आकडा बघून भुलू नका. अटेन्ड-एज (attained-age, म्हणजे चालू वयावर प्रीमियम ठरणारी) पॉलिसी सुरुवातीला स्वस्त पडते पण वय वाढेल तसा प्रीमियम चढत जातो, आणि ऐंशीच्या घरात तोच हप्ता जड जातो. इश्यू-एजमध्ये घेतानाचं वय धरतात, म्हणजे 65 ला घेणाऱ्याला 72 ला घेणाऱ्यापेक्षा कमी, आणि नंतर वयामुळे वाढ नाही. महागाईची वाढ मात्र दोन्हीत येतेच.

नंतर बदलू म्हणाल तर तेच अवघड आहे, कारण 65 नंतर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून फक्त 6 महिने तब्येत न विचारता पॉलिसी मिळते, पुढे बहुतेक राज्यांत शुगर, हार्ट सगळं विचारतात आणि सरळ नाही पण म्हणू शकतात. न्यूयॉर्कवाल्यांना इश्यू-एज की अटेन्ड-एज ही कटकट नाही, तिथे वयावर प्रीमियम ठरतच नाही. बाकीच्यांनी, मिळत असेल आणि परवडत असेल तर इश्यू-एजच घ्या.