कोपऱ्यावरच्या दुकानाचे माळवदाचे घर

अंबाजोगाईच्या परिसरातील एका गावात, दोन बोळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, एका कुटुंबाने आपले जुने माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, घर दुरुस्त करून पाहुण्यांच्या मुक्कामासाठी खुले केले आहे. मे महिन्यात आम्ही तेथे दोन रात्री राहिलो. ज्वारीची भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण साधे व चवदार होते, खोल्याही स्वच्छ होत्या. परंतु या घराविषयी लिहावेसे वाटते ते त्याच्या कोपऱ्यात आजही चालू असलेल्या किराणा दुकानामुळे.

हे दुकान मागाहून भिंत फोडून काढलेले नाही, घराच्या आखणीतच ते धरलेले आहे. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. अशा दोन खणांच्या या दुकानाच्या कोपऱ्यावर भिंत नाही, घडीव दगडी तळखड्यावर उभा केलेला एकच सागवानी खांब आहे आणि दोन्ही बोळांकडच्या तुळया त्याच्याच माथ्यावर येऊन टेकतात, त्यामुळे दुकान दोन्ही अंगांनी उघडते. वळणाऱ्या बैलगाडीचा आख घासू नये म्हणून जोत्याचा कोपरा तासून गोल केला आहे. जोते कमरेइतके उंच असल्याने गादीवर मांडी घालून बसलेला दुकानदार आणि बोळात उभे असलेले गिऱ्हाईक यांची नजर सरळ मिळते. लोखंडी शटर बसवण्याचा मोह मालकांनी टाळला, याचे मला फार समाधान वाटले. उंबऱ्याच्या खाचेत एकामागून एक सरकवायच्या जुन्या फळ्याच अजून वापरात आहेत.

घराचा मुख्य दरवाजा मात्र दुकानापासून दूर, दुसऱ्या बोळात आहे. आत शिरताच ढेलज, म्हणजे प्रवेशाची खोली, लागते आणि तिथून वाट काटकोनात वळते, म्हणून रस्त्यावरच्या माणसाला घरातला चौक दिसत नाही. दुकानाचे मागचे दार याच ढेलजेत, धान्याच्या बळदाशेजारी उघडते. घरातल्या माणसांना रस्त्यावर न येता माल दुकानात पोचवता येई. व्यवहार आणि संसार एका छपराखाली ठेवूनही एकमेकांच्या आड येऊ न देणारी अशी आखणी मला नव्या बांधकामांत क्वचितच दिसते.

माळवद म्हणजे तुळयांवर सर (आडवी बारीक लाकडे), त्यांवर लाकडी फळ्या, मग पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर ऊन तापलेले असताना दुपारी ओसरीवर पंख्याशिवाय बसता आले, ते या थरामुळे आणि दोन हात रुंद भिंतींमुळे. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली ती बहुतांशी अशाच घरांत, कारण चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या भिंती दुभंगल्या आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून जड झालेली छते खाली आली. म्हणूनच पाहुणे झोपवण्याआधी या घरात काय केले, हे मी मुद्दाम विचारले. छतावरची जादा माती उतरवून थर पातळ केला आहे, भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड जागोजागी बसवले आहेत, आणि खांब व तुळया यांच्यात तिरके लाकडी आधार दिले आहेत. हे आधार नवे असल्याचे लपवलेले नाही, हेही योग्यच झाले.

एक चूक मात्र खटकते. बोळाकडच्या भिंतीला खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा केला आहे. दगडमातीच्या भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला आताच पोपडे सुटू लागले आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी तो खरवडून चुन्याचा गिलावा करावा, असे मी मालकांना कळकळीने सांगितले आहे.

राहायला जाणाऱ्यांनी ओसरीलगतची खोली मागून घ्यावी. पहाटे दुकानाच्या फळ्या एकेक करून निघताना तिथून स्पष्ट ऐकू येते.