व्हिममध्ये मराठी मजकूर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हिम या टेक्स्ट एडिटरमधून (मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममधून) बाहेर कसं पडायचं हा विनोद आता पुरे. एस्केप दाबा, कोलन आणि क्यू लिहा, एंटर मारा. बदल टाकून द्यायचे असतील तर क्यूपुढे उद्गारचिन्ह. सोबत येणारा व्हिमट्यूटर हा धडा अर्ध्या तासात होतो आणि इंग्रजी मजकुरावर पंधरवड्यात हात बसतो. महिने जातात ते मराठी लिहिताना.

पहिली अडचण कीबोर्डची. व्हिममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी. इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्डची मांडणी) चालू ठेवून एस्केप दाबलं की ‘जे’ या बटणावर (व्हिममध्ये त्याचा अर्थ खाली जा) व्हिमला ‘जे’ नव्हे, ‘र’ मिळतो, आणि कर्सर जागचा हलत नाही. दर वेळी भाषा बदलत बसणं म्हणजे व्हिमचा सगळा वेग घालवणं. खरा उपाय कीमॅप, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर हे सांगणारी फाइल. होम फोल्डरमधल्या डॉट-व्हिममध्ये कीमॅप नावाचं फोल्डर करून त्यात मराठी डॉट व्हिम अशी फाइल ठेवायची (फाइलचं नाव रोमनमध्येच). फाइलमध्ये लोडकीमॅप ही ओळ, तिच्याखाली दोन रकाने: डावीकडे इंग्रजी बटण, उजवीकडे देवनागरी अक्षर. मग सेट कीमॅप. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो, मराठी फक्त लिहिताना उमटते, एस्केपनंतर आज्ञा नेहमीसारख्या चालतात. शिवाय एफ, टी (ओळीत अक्षर शोधणं) आणि आर (अक्षर बदलणं) या आज्ञांपुढचं अक्षरही मराठीत देता येतं. लिहिताना मध्येच इंग्रजी हवं तर कंट्रोल आणि टोपीचं चिन्ह. फाइल तयार करायला एक संध्याकाळ जाते. इतकी वसूल होणारी दुसरी संध्याकाळ या प्रकरणात नाही.

दुसरी गोष्ट खोडण्याची. व्हिमच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे आधीच्या अक्षराला चिकटलेले. त्यामुळे ‘कि’ची वेलांटी दीर्घ करायला बॅकस्पेस मारला की ‘क’सकट जातो. सेट डेलकम्बाइन केलं की बॅकस्पेस आणि एक्स (कर्सरखालचं अक्षर खोडण्याची आज्ञा) शेवटची खूण तेवढी काढतात. जोडाक्षर मात्र व्हिमला एक वाटत नाही: ‘स्त्री’वर एक्स मारला तर ‘स्’ जातो आणि ‘त्री’ उरतं (डेलकम्बाइन चालू असेल तर आधी नुसता हलन्त जातो). अक्षराखाली नेमकं काय दडलंय (कोणते संकेतांक) हे पाहायला जी-ए ही आज्ञा. दोन ‘ऱ’ दिसायला सारखे असतात, पण एक सलग असतो आणि दुसरा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब). शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. जी-ए तो फरक लगेच दाखवतं.

शोधात उलटा तिरका दंड (बॅकस्लॅश) आणि मोठा झेड टाकला की खुणांकडे दुर्लक्ष होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हुडकायला हे भारी वाटतं, पण ‘पाणी’ शोधलं की ‘पण’ आणि ‘पुणे’सुद्धा हजर होतात. लांब शब्दांनाच वापरा.

परिच्छेद एका लांबलचक ओळीत लिहिणाऱ्यांनी सेट लाइनब्रेक करावं, नाहीतर शब्द मधोमध तुटतात. आणि ‘जे’ऐवजी जी-जे दाबावं. नुसता ‘जे’ थेट पुढच्या परिच्छेदात नेतो.

एक खोच बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकते. व्हिम ८ पासून काही सोयी डिफॉल्ट्स नावाच्या फाइलमधून येतात, पण स्वतःची व्हिमआरसी (सेटिंगची फाइल) तयार केली की ती फाइल वाचलीच जात नाही. काही संगणकांवर मग बॅकस्पेस जुना मजकूर खोडेनासा होतो आणि दोष नव्या सेटिंगवर जातो. स्वतःच्या फाइलच्या सुरुवातीलाच डिफॉल्ट्स ओढून घ्या. टर्मिनलमध्ये सवयीने कंट्रोल-एस दाबून पडदा गोठला तर कंट्रोल-क्यू.

एस्केप इतका दूर का? बिल जॉयने १९७६ मध्ये व्हिमचा पूर्वज असलेला मूळ व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. तिथे एस्केप आजच्या टॅबच्या जागी होता आणि एच-जे-के-एल वर बाण छापलेले होते. ब्रॅम मूलेनारने १९९१ मध्ये व्हिम आणला तेव्हा बटणं हलली होती, आज्ञा तशाच राहिल्या. कॅप्सलॉकला एस्केप करून टाका. देवनागरीत मोठी लिपी नाहीच.

टर्मिनलबद्दल मात्र तक्रार आहे. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं सुटी दिसतात, वेलांटी भलतीकडे जाते आणि कर्सर एक-दोन घरं सरकलेला असतो. फाइल शाबूत असते, डोळे फसतात. सलग मराठी लिहायचं तर जीव्हिमच (स्वतःच्या खिडकीत चालणारा व्हिम) उघडावा. सर्व्हरवरच्या फाइलमधला एखादा शब्द बदलण्यापुरतं टर्मिनल ठीक, तेही बदलल्यावर जी-ए मारून खात्री केली तर.